देवाची पावती

"देव काय तुझ्या कोर्टाच्या रांगेत उभो रव्हतलो? मेल्या, जीभ झडतली तुझी!"

"झडली तर झडांदे. पण ते पैशे परत घेवन ये, हरी. नायतर तू तुरुंगात बसतलंस."

हे भांडण मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. हातात नारळाची कवड, खोवणं तिथंच थांबलेलं. पहिला आवाज माझ्या सासऱ्यांचा, हरिश्चंद्र तांडेलांचा. दुसरा प्लासिदचा. हा मालवणच्या कोर्टासमोर लाकडी पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहायचा. साल अठ्ठावन्न. मी नुकती लग्न होऊन आलेली, शिकलेली मराठी दुसरीपर्यंत. दोन जुने दोस्त देवावरून भांडतायत एवढंच मला आधी कळलं.

प्लासिद उंच, वाकलेला, कोटाच्या खिशाला शाईचा डाग. दुकानदारांच्या विक्रीकराच्या नोटिसा असोत की घरपट्टीची तक्रार, सगळं तोच लिहायचा. चार आणे घ्यायचा, नसले तर सुके बांगडेही चालायचे. आमच्याकडे सरकारी कागद आला की लोक तो चुलीवरच्या फळीत खोचून ठेवत, जणू धुरानं त्याची धार जाणार. पार काळा झाला की मग प्लासिदकडे. तो कागद फुंकून साफ करी आणि आधी तारीख बघी. "कागदाक भियाव नको, तारखेक भी," म्हणायचा. काम झालं की पावती हातात देऊन सांगायचा, "पेटयेत ठेव. चुलीकडे नको." हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलंय की आजही विजेचं बिल मी ट्रंकेतच ठेवते.

तर सासऱ्यांचा मचवा आदल्या वर्षी निवतीच्या खडकावर फुटला. आत मीठ होतं, तेही दुसऱ्याचं. समुद्राचं मीठ समुद्रात गेलं, कर्ज तेवढं किनाऱ्याला लागलं. वेंगुर्ल्याचे एक शेट, मिठाचा व्यापारी आणि गावातला एक सावकार, मिळून सात हजारांच्या वर. शिवाय मचव्याच्या डागडुजीला देवस्थानाच्या फंडातून घेतलेले साडेतीनशे. शेटनं कोर्टातून हुकूमनामा मिळवला, आणि पैसे नाहीत म्हटल्यावर पकडवॉरंट. बेलीफ मंगळवारी येणार होता. सासरे अठ्ठावन्न वर्षांचे, दम्याचे. तुरुंगातली ओल त्यांना मानवली नसती.

प्लासिदनं एक वाट काढली होती, नादारीचा अर्ज. आहे ते सगळं कोर्टापुढे मांडायचं, कोर्ट ते विकून घेणेकऱ्यांना सारखं वाटणार, आणि माणूस प्रामाणिक ठरला तर बाकीच्यातून मोकळा. सासूबाई दागिने पुरायला निघाल्या होत्या, त्यांना त्यानं अडवलं. "सावित्रीवैनी, मंगळसूत्र आणि टोप-भांडी कोणी नेणा नाय. पण लपयलास तर सगळाच जाता." माडांची बाग मात्र जाणार होती. तेही सासऱ्यांनी गिळलं.

घेणेकऱ्यांची यादी लिहिताना प्लासिदनं विचारलं, "देवस्थानाचे साडेतीनशे?"

"ते दिलंय. पंधरा दिवस झाले. शीड आणि नांगर इकून."

प्लासिदनं टाक खाली ठेवला. तिथून ते भांडण. आमच्या गावात कुणीही हेच केलं असतं. देवाचं देणं आधी, माणसांचं मग. पण कायद्यात आमचा ग्रामदेव रवळनाथही एक घेणेकरी. बाकीच्यांना टाळून एकालाच फेडलं, तेही अर्जाच्या तोंडावर, तर शेटचा वकील उभा राहून म्हणणार, हा लबाड. प्लासिदला भीती होती, अर्जच बुडेल.

"मेलंय तरी देवाकडे परत मागूचंय नाय," सासरे म्हणाले.

"तू मागू नको. मी मागतंय."

सोमवारी दुपारी आम्ही देवळात. सासरे घरीच, भिंतीकडे तोंड करून. प्लासिद ख्रिस्ती, म्हणून पायऱ्यांच्या खाली टोपी हातात घेऊन उभा. मानकरी दाजी वरून म्हणाले, "किरिस्तांव येवन आमच्या देवाक कायदो शिकयतलो?"

"शिकवूचंय नाय, दाजी. इचारूचंय. देव नको म्हणालो तर मी गप घराक जातंय."

आता विचारायचं म्हणजे पाकळ्या लावायच्या. बाबली गुरवानं फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. पण गाऱ्हाणं काय घालायचं, ते बाबलीला सुचेना. तेव्हा खालून प्लासिद सांगत गेला, अगदी अर्ज सांगावा तसा, आणि बाबली मोठ्यानं म्हणत गेला:

"बा देवा म्हाराजा, ह्या हरीन तुझा देणा फेडला..."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"...पण तिघांच्या ताटातला उचलून तुझ्या ताटात वाढला. असा वाढलेला तुका नको असात, तर उजवी दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी जरा हळू.

पाकळ्या हलेनात. उन्हं पायऱ्यांवरून खाली सरकली. मी सासूबाईंचा हात धरला होता. दाजी जांभई द्यायला लागले. एकदा डावी थरथरली, तेव्हा सासूबाईंनी डोळेच मिटले. प्लासिद मात्र पाकळ्यांकडे बघतच नव्हता, पायरीवरच्या उन्हाकडे बघत होता. उद्या सकाळी कोर्ट उघडताच अर्ज पडायला हवा होता.

उजवी पडली.

दाजींनीच फंडाची पेटी उघडली. उजव्या पाकळीला बाबलीनं पाणी जरा कमी लावलं होतं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. देवाच्या घरातलं मी कशाला उकरू?

प्लासिदनं पैसे मोजून घेतले, परतीचा कागद करून त्यावर दाजींची सही घेतली आणि सकाळी बेलीफच्या आधी कोर्ट गाठून अर्जासोबत पैसेही भरले. शेटच्या वकिलानं शिडाची आणि नांगराची गोष्ट काढलीच. प्लासिदनं तो कागद पुढे केला. सासरे तुरुंगात गेले नाहीत. बाग गेली. वाटणीत रुपयाला सोळा नवे पैसे आले, तसे देवालाही, छप्पन्न रुपये. पुढच्या वर्षी कोर्टानं सासऱ्यांना मोकळं केलं.

मोकळे झाले, पण देवळाची पायरी चढेनात. "दोनशे चौऱ्याण्णव ऱ्हवले देवाचे. खंयच्या तोंडान जाव?"

प्लासिद म्हणाला, "आता दी. आता ता देणा नाय, तुझी खुशी. खुशीक कोर्ट आडयना नाय."

सासरे दुसऱ्याच्या होडीवर जायला लागले. दर जत्रेला बेचाळीस रुपये साठवत, आणि नेऊन द्यायचा प्लासिद. स्वतः टोपी काढून खालच्या पायरीशी उभा राहायचा आणि पावती घेतल्याशिवाय हलायचा नाही. बाबली चिडवायचा, "देवाचो पण तुका भरवसो नाय?" तो म्हणायचा, "देवाचो आसा रे. तुझो नाय."

असे सात हप्ते, म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव पुरे. सातवा पासष्टच्या जत्रेचा. प्लासिदला त्या वेळी खोकला इतका, की ईडा, त्याची बायको, उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती म्हणे. आठ दिवसांनी तो वारलाच. पण त्या दुपारी आला, दोनदा टेकत टेकत. सासरे पडवीत बसले होते, त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. मी पाणी दिलं, ते प्यायला. मग खिशातून कागद काढला, फुंकला, तारीख बघितली आणि माझ्या हातात दिला.

"पेटयेत ठेव गो, चेडवा. चुलीकडे नको."