दिव्याचा मान

आमच्या घराण्यात माणूस लग्नाला जेवायला येत नाही, रुसायला येतो. जेवण म्हणजे दोन रुसव्यांमधली विश्रांती. नवरदेवाची आत्या म्हणून पहिला रुसवा माझ्या हक्काचा होता, पण भाच्याच्या लग्नात मला तेवढी उसंतच मिळाली नाही.

भाचा पुंडलिकनगरातला, नवरी सिल्लोडची. लग्न तिकडेच, गोरज मुहूर्तावर. नवरदेवानं मारुतीचं दर्शन घेतलं, घोड्यावर बसला आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, वाजतगाजत कार्यालयाकडे निघाला. पुढे बँड, दोन्ही अंगांना डोक्यावर झुंबराचे दिवे घेतलेली माणसं, मागे गाड्यावर जनरेटर. सगळे दिवे एकाच लांब वायरीला जोडलेले. देवळासमोर थोडं नाचून घ्यावं म्हणून मी कडेला सरकले आणि एका दिव्याखाली पाहिलं, तर तिथं दहा-अकरा वर्षांची पोरगी. तिच्या पुढे तेवढाच पोरगा, पलीकडे आणखी एक. सगळी पोरंच होती.

"शाळेत नाही का गं जात?" मी विचारलं. प्रश्न विचारला आणि मलाच माझा राग आला, पण दुसरं काही सुचेना.

"बापानं उचल घेतलीय," ती म्हणाली. दिव्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून समोर बघूनच बोलत होती. "ती फिटंस्तोवर मालकाकडंच राहायचं."

"कधी फिटणार?"

"ते मालकाला म्हाईत."

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं मी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "आमची माणसं पोलिसांना घेऊन निघतायत. अर्धा-पाऊण तास लागेल. तोवर मुलांना तिथून हलू देऊ नका."

आता, फोनवर हळू बोलणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. पोरांचा मालक म्हणजे लायटिंगवाला, जनरेटरपाशीच होता; त्यानं सगळं ऐकलं. "ए, उतरवा रे दिवे! चला टेम्पोत!" तो ओरडला.

टेम्पो कोपऱ्यावरच उभा होता. पोरं एकदा त्यात चढली की ती पुन्हा कुणाला दिसणार नव्हती, हे मला कळत होतं. पण एक गोष्ट आणखी कळली: हा गडी पोरं टाकून जाईल, झुंबरं टाकून मुळीच जाणार नाही. म्हणजे आधी झुंबरं अडकवायला हवीत.

मी पोरीच्या डोक्यावरचा दिवा उचलला आणि थेट दाजींसमोर उभी राहिले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घराचे थोरले जावई. जावई दहावा ग्रह असतो म्हणतात, आमचे दाजी उरलेले नऊही एकटेच सांभाळतात. सकाळी पोशाखाऐवजी टोपी-टॉवेलावर भागवलं म्हणून ते सगळ्यांच्या मागे तोंड फुगवून चालले होते.

"दाजी, पहिल्या दिव्याचा मान थोरल्या जावयाचा. विसरलात का काय?"

असला कुठलाही मान आमच्या सात पिढ्यांत नव्हता. दाजींनी टोपी नीट केली. "मला वाटलं, कुणाच्या ध्यानातच नाही," ते म्हणाले आणि दिवा डोक्यावर घेतला.

झालं! नवरदेवाचा मामा तरातरा आला. "मामा जित्ता असताना पहिला दिवा जावयाला? ही कुठली रीत म्हणायची?" त्यानं शेजारच्या पोराचा दिवा काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. लगेच आमचे हे. "आणि धाकटा जावई काय रस्त्यावर पडलाय?" बघता बघता सगळे दिवे पाहुण्यांच्या डोक्यावर गेले. ज्यांना मिळाले नाहीत ते "आमाला काय किंमतच नाय" म्हणत रस्त्यात बसले. परण्या ठप्प.

लायटिंगवाल्यानं मामाच्या दिव्याला हात घातला. "लग्नघरच्या मानाला हात लावतो?" मामा असा गरजला की लायटिंगवाला जनरेटरमागे जाऊन उभा राहिला. बँडवाल्यांना वाटलं, मंडळी नाचायलाच थांबलीत. त्यांनी दणक्यात सुरुवात केली आणि दाजी दिव्यासकट नाचू लागले. ते गर्रकन फिरले, वायरीनं मामा ओढला गेला, मामामागे आमचे हे. वायरीचा एक वेढा घोड्याच्या पायाला बसला आणि घोडं जागीच खिळलं. "आत्या, मुहूर्त!" भाचा वरून ओरडत होता.

"तुम्हाला हे आजच सुचलं का?" वहिनी माझ्यावर खेकसली.

"मला पोरगी आजच दिसली, वहिनी."

पोरांना मी मारुतीच्या पारावर बसवून हातात बुंदीचे लाडू दिले होते. पोरगी लाडू खाईना. ती नुसती मान डावीकडे फिरवी, मग उजवीकडे. तिला तेच पुरेसं होतं बहुतेक.

जीप आली. हेल्पलाइनच्या मॅडम उतरल्या, मागून हवालदार. माझ्या भावाला वाटलं, नवरीकडची मंडळी न्यायला आली. हवालदार नको नको म्हणत असताना त्यानं त्यांना फेटा बांधला. फेट्यासकट हवालदारांनी लायटिंगवाल्याची गचांडी धरली, तेव्हा कुठं भावाला उलगडा झाला.

मॅडम पारावर पोरीशेजारी बसल्या. "तुझी उचल संपली," त्या म्हणाल्या. "असली उचल कायदा मानतच नाही. आता तुला तिकडं जायचं नाही." पोरीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग लाडू खाल्ला.

पोरं जीपकडे निघाली. पोरगी मध्येच वळली आणि दाजींपाशी गेली. दाजी घामाघूम झाले होते, मान अवघडली होती, पण दिवा काही उतरवत नव्हते. तिनं त्यांचा सदरा ओढला.

"काका, तुमीबी चला की," ती हळूच म्हणाली. "म्याडम सोडवत्यात. तुमची उचल कितीबी असूं द्या."

माझे डोळे भरून आले. आता दाजी हसतील आणि सगळं नासवतील, अशी मला भीती वाटली. पण दाजी हसले नाहीत. मिळालेला मान त्यांनी आयुष्यात कधी आपणहून सोडला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी दिवा उतरवून रस्त्यावर ठेवला, "चल," म्हणाले, आणि तिचं बोट धरून जीपपर्यंत गेले.