हात बिघडला नव्हता

"काकू, तुमचा हात बिघडलाय. उद्यापासून पॅकिंगला बसा," असं माझ्या आईला तिच्या बचत गटाच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. इतकी वर्षं कागदासारखी पातळ भाकरी थापणारी बाई एका सकाळी तव्यापुढून उठवली गेली. त्या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो सगळ्यात जास्त माझ्यावरच आहे.

आईचा गट सोलापुरात कडक भाकरी करून विकतो. पीठ येतं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून, आणि त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये मी ज्वारी तपासते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझी बी.एस्सी. आईने त्या तव्यापुढे बसून पुरी केली, हे मी कधी विसरलेले नाही. तरीही आई घरी येऊन मनगट चोळत म्हणाली, "भाकरीला चिरा पडायल्यात गं, पाट हलवला की तुटती," तेव्हा मी तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. वय झालं, असं मीही धरून चालले होते.

डॉक्टरने मनगट चांगलं असल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी आईने गावाकडून आलेल्या आमच्या ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. एकीलाही चीर नाही. तव्यावर टम्म फुगल्या. तिने एक मोडून बघितली आणि म्हणाली, "कारखान्यातला दाणा घेऊन ये उद्या. पीठ बी आन."

दुसऱ्या दिवशी तिने चार दाणे दाढेखाली धरले. "ह्यो दाणा ग्वाड लागतोय. भिजल्याला हाय."

"आई, मी स्वतः मीटर लावलाय. ओलावा बरोबर आहे."

"आता वाळलाय की! भिजून वाळलाय. तुझ्या मीटरला कालचं काय ठावं?"

मग तिने दोन सारखी पातेली घेतली, मापाने तेवढंच पीठ, तेवढंच पाणी. एकात घरचं, एकात कारखान्याचं. दोन्ही शिजवली. घरच्या पिठाची आंबील पळीला धरून राहिली. कारखान्याची पळीवरून पाण्यासारखी ओघळली. "विरी गेलीया पिठाची," आई म्हणाली. विरी म्हणजे भाकरी थापताना पीठ एकमेकाला धरून ठेवतं तो चिकटपणा.

हे मला शिकवलेलं होतं. दाणा रुजू लागला की आतला पिष्टाचा साठा स्वतःच फोडायला लागतो, म्हणून पिठाची खळ पातळ होते. आमच्या सरांनी फळ्यावर किती मन लावून समजावलं होतं! तालुक्याच्या त्या कॉलेजात हे मोजायचं यंत्र नव्हतं, पण समज तर दिली होती. ऐन काढणीत दोन दिवस पाऊस झाला, खुडलेली कणसं रानात ढिगाने भिजली, हे मला ठाऊक होतं. नंतर ऊन पडलं, मळणी झाली, घासून पॉलिश झाली. बाहेर डोकावलेले बारीक कोंब घासण्यात गळून गेले आणि दाणा मोत्यासारखा दिसू लागला. मी मीटरचा आकडा आणि चमक बघून 'योग्य' लिहिलं. भिंग टेबलाच्या खणातच होतं.

सकाळी ते काढलं. एकामागून एक दाण्याची साल कोंबाच्या जागी फाटलेली. मी मॅनेजरसाहेबांपुढे भिंग आणि आंबिलीचे दोन डबे ठेवले.

"मॅडम, मीटर काय म्हणतंय?"

"मीटर ओलावा सांगतं, सर. मोड सांगत नाही."

"मग आंबील कुठल्या रकान्यात लिहू? चव छान, मीठ कमी, असं?"

शेजारी बसलेले धान्य खरेदीवाले हसले. साहेब पुढे म्हणाले, "चांगल्या ज्वारीत मिसळून टाकू. कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय! माझ्या आईला कळलं होतं, तिच्याच बोटांना. पण दोष दाण्यात असेल हे त्या बोटांना कुणी म्हणू दिलं नाही. मी शेरा लिहिला, 'भिजून मोड आलेला दाणा, भाकरीच्या पिठास अयोग्य', खाली सही केली आणि एक प्रत घेऊन थेट गटाच्या शेडमध्ये गेले.

आई कोपऱ्यात पिशव्या बंद करत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हात कुणाचा बिघडलेला नाही. ज्वारी मोडाची होती, आणि ती मी पास केली होती."

प्रमुख बाई म्हणाल्या, "बाकीच्यांच्या भाकऱ्या कशा नीट होत्या मग?"

दुसऱ्या तव्यावरच्या मावशींनी पाटामागून एक पोतं ओढलं. आत लालसर पडलेल्या, तुटक्या भाकऱ्या. "माझाच हात गेला म्हनून लपिवल्या होत्या, ताई." तिसऱ्या बाईनेही खाली वाकून आपली पिशवी काढली.

प्रमुख बाईंनी एक तुकडा उचलून बोटांत चुरून बघितला. "चूक झाली" असं त्या म्हणाल्या नाहीत. कारखान्यातूनही ते कुणी म्हटलं नाही. शेवटी त्या एवढंच बोलल्या, "काकू, तव्यापुढे बसा."

आई उठली नाही. हातातली पिशवी बंद करत म्हणाली, "आदी पीठ बदला. मग बसते."