पीयू, रबर आणि मागची सीट

आमच्या घरी जुन्या गाडीचा काढलेला एकही भाग टाकत नाहीत. "असू दे, लागेल कधीतरी," म्हणत सगळं माळ्यावर जातं. किश्श्यांचंही तसंच होतं. मी घरात फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझा माळा भरला, तेव्हा आता थोडे खाली काढते.

घर मुलुंडला. घरात सासूबाई, सासरे म्हणजे बाबा, माझा नवरा सुहास, मी आणि बगळी. बगळी ही बाबांची पन्नाशी ओलांडलेली पांढरी गाडी. शिवाय दर रविवारी सकाळी सावंतकाका, बाबांचे ऑफिसातले जुने मित्र. बगळीबद्दलचा कुठलाही निर्णय हे तिघं पुरुष मिळून घेतात. बाकीच्यांनी चहा करायचा.

यंदाचा विषय होता बुश. ज्यांचं नशीब चांगलं त्यांना बुश म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून सांगते. चाकाकडचं लोखंड आणि गाडीच्या अंगाचं लोखंड जिथे जोडलेलं असतं, तिथे मधे रबराचा एक जाड गोल तुकडा बसवतात. तो बुश. दोन्हीकडचे धक्के त्याने खायचे आणि आवाज करायचा नाही. सून झाल्यापासून मला त्या वस्तूबद्दल विशेष आपुलकी आहे.

बगळीचे बुश झिजले होते. आता पुन्हा रबरच घालायचं, की पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू? पीयू कडक आणि टिकाऊ. रबर मऊ आणि कालांतराने फाटणारं. या एका प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नावर झाली नव्हती!

*

लग्नावरून आठवलं. मला बघायला ही मंडळी भांडुपला आमच्याकडे आली, तेव्हा बाबांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "वजन किती?"

माझ्या आईचा हात ट्रेसकट थांबला. मी इतकी गोंधळले होते की खरं सांगून टाकलं. "छप्पन्न."

बाबा सुहासकडे वळून म्हणाले, "बसेल!"

मंडळी गेल्यावर आई स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली, "मुलगी बघायला आले होते की रद्दी न्यायला?"

हिशेब मागच्या सीटचा होता, हे लग्नानंतर कळलं. मागचे बुश झिजलेले, मागे आधीच सासूबाई, त्यात आता मी. मागची सीट म्हणजे बायकांची. पुढे बाबा चालवणार आणि शेजारी सुहास बसणार, कारण त्याला 'आवाज ऐकायचे असतात'. आम्हाला मागे काही ऐकू येत नाही, असा त्यांचा समज आहे.

*

पीयूचं पार्सल आलं ते सावंतकाकांच्या हातून. त्यांनीच मागवलेलं. लालभडक बुश! टीपॉयवर मांडून बाबांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. सुहासने फोटो काढले. आमच्या लग्नाच्या अल्बममधले निम्मे फोटो अजून त्याच्या मोबाइलमध्ये पडून आहेत, या बुशांचे मात्र त्याच सकाळी सगळ्या ग्रुप्सवर गेले!

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "मऊ आहेत का?" एवढंच विचारलं.

सावंतकाका हसले. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "वहिनी, मऊ असणं हाच तर रबराचा दोष!"

सासूबाईंनी एक बुश उचलला. बाजारात भेंडी बघतात तसं त्याच्या कडेला नख लावून पाहिलं आणि परत ठेवला. सासूबाई मालवणकडच्या. बोलतात आपल्यासारखंच, पण चिडल्या की मालवणीत जातात.

"ह्यां जून आसा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

बोरिवलीला सासूबाईंची थोरली बहीण राहते, माईमावशी. मांडीचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सासूबाई तिच्याकडे जातात. दोघी खिडकीशी बसून कोकमाची सोलं निवडतात आणि मेलेल्या नातेवाइकांना नावं ठेवतात. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेवढे चार तास मी जे बघते, ते मुलुंडला कधी दिसत नाही.

पीयू घातल्यावर पहिली फेरी तिकडेच होती. मांडीवर घावण्यांचा डबा घेऊन सासूबाई मागे, शेजारी मी. जोगेश्वरी लिंक रोडला लागलो आणि पुढे आनंदीआनंद!

"वळणावर बघ कशी चिकटून चालते!" बाबा.

"काय रोड फील आहे, बाबा!" सुहास. "रस्त्यातला खडा न खडा कळतोय!"

मागून आवाज आला, "माका पण कळता."

पवईच्या सिग्नलला त्यांनी हळूच विचारलं, "सुहास, मी पुढे बसू का रे जरा?"

"आई, मला आवाज ऐकायचेत ना! आणि मागे जास्त लागतंच गं. सीट अ‍ॅक्सलच्या बरोब्बर डोक्यावर असते."

म्हणजे माहीत होतं! जास्त कुठे लागतं, का लागतं, सगळं शास्त्र पाठ! फक्त त्या जागेवर आपली आई बसते, एवढंच शास्त्रात नव्हतं. मला इतका संताप आला, की मी सासूबाईंच्या मांडीवरचा घावण्यांचा डबा घट्ट धरला. दुसरं काही धरणं बरं दिसलं नसतं.

*

पुढे बगळी बोलायला लागली. पीयूमधलं ग्रीस वाळलं की बुश करकरतो. सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर आला की असा आवाज, जणू कुणी कोंबडीची मान पिरगाळतंय. तळमजल्यावरच्या पारेखआंटींनी वॉचमनला खरोखर गाडीखाली बघायला पाठवलं. मांजर अडकलंय, म्हणाल्या.

एका सकाळी केस विंचरायला बसले, तर माझी सीरमची बाटली रिकामी! माझ्या मैत्रिणींनी वर्गणी काढून लग्नात दिलेली. मी थेंब थेंब वापरत होते.

"अगं, त्यात सिलिकॉन असतं!" सुहासचे डोळे चमकत होते. "बुशला सिलिकॉनच लागतं. मी लेबल वाचलं!"

माझ्या एकाही वस्तूचं लेबल या माणसाने त्याआधी वाचलं नव्हतं.

दोन दिवस बगळी गप्प होती. मी आठवडाभर.

*

सासूबाईंनी बोरिवलीला जाणं बंद केलं. आधी "आज कंटाळा आलाय" म्हणाल्या, मग "माईकडे पाहुणे असतील". बाबा सावंतकाकांना म्हणाले, "हिचा हल्ली मूडच नसतो." मूड! गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन त्या दुपारभर पडलेल्या असायच्या, हे मी बघत होते. फोनवर बहिणीला मात्र, "येतंय गो, पुढच्या रविवारी येतंय." कमरेसाठी नेहमीच्या डॉक्टरांनी रिक्षा तर आधीच बंद केलेली. आणि घरात गाडी असताना भाड्याची टॅक्सी म्हणजे बाबांच्या लेखी बगळीचा अपमान!

शेवटी मीच घाटकोपरच्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबा सोबत आले. बगळीतूनच.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "इथे मणक्यांच्या मधली गादी झिजलीय. धक्का शोषला जात नाही, हाड हाडावर येतंय."

बाबा पुढे वाकले. "म्हणजे बुश गेलाय!"

डॉक्टरांनी एक्स-रे खाली केला. "तुमच्याकडे जुनी गाडी आहे?"

झालं! डॉक्टरांकडे जुनी जीप निघाली. त्यांनी पुढे पीयू घातलेलं, मागे रबर. मग पीयूच्या कडकपणाचे किती प्रकार, पावसात रबराचं काय होतं, कुर्ल्याला कुठल्या गल्लीत काय मिळतं, सगळं निघालं. बाहेर पेशंटची रांग. आत तपासणीच्या टेबलावर सासूबाई पालथ्या!

बऱ्याच वेळाने उशीत तोंड असतानाच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आणि माझ्यात खयचो घालतास? पीयू की रबर?"

*

त्या रविवारी मी पहिल्यांदा बोलले. चहाचे कप ठेवले आणि उभी राहिले. "मागचे बुश कुठले घालायचे, ते मागे बसणाऱ्यांनी ठरवावं, असं मला वाटतं."

तिघांनीही आधी कप उचलले. मग सावंतकाका कौतुकाने म्हणाले, "अरे वा! सूनबाई बोलतात की!"

बाबा म्हणाले, "बोलते ना, बोलते. बिस्किटं आहेत का गं?"

यावर मी काय केलं विचारू नका. बिस्किटं दिली. पण मऊ पडलेली दिली.

*

आणि तरीही रबर परत आलं! कसं, ते ऐका.

ठाण्याला जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन होतं. बगळी धुऊनपुसून उभी. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ टॉर्च घेऊन खाली वाकले, लाल बुश बघितले आणि तोंड वाकडं केलं. "हे कंपनीचं नाही. मूळ गाडीत काळं रबर होतं." मार्क कापले.

येताना गाडीत सुतक. घरी पोचेपर्यंत निर्णय झालेला: पीयू काढायचं, रबर घालायचं. जी गोष्ट सासूबाईंच्या मणक्याला, एक्स-रेला आणि माझ्या आयुष्यातल्या पहिल्या भाषणाला जमली नाही, ती एका टॉर्चवाल्याने केली!

सावंतकाकांनी तर पक्षच बदलला. "रबराला जीव असतो, वहिनी! मी पहिल्यापासून म्हणत होतो."

सासूबाईंनी नुसतं पाणी पुढे केलं.

*

बुश बसवायला सगळे सोनापूरच्या गॅरेजवर गेलो. सगळे म्हणजे आम्ही दोघी धरून! याचं आश्चर्य वाटलं, तेव्हा सुहासने समजावलं. पीयू आपल्या जागी मोकळं फिरतं, रबर फिरत नाही, पिळतं. चाकं हवेत लटकत असताना नट आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून गाडी जमिनीवर उभी करायची, नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवायची आणि मग खालून नट आवळायचे.

"म्हणजे आम्ही वजन म्हणून आलोय," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!" त्याला बरं वाटलं.

मेकॅनिक रफीकभाईंना यातलं काही पटलेलं दिसत नव्हतं. "साहेब, एवढ्या-तेवढ्याने काय फरक पडत नाय. मी असाच टाइट करतो ना."

"फरक पडतो!" सावंतकाका कडाडले. "रबर आहे ते! ज्या बैठकीत आवळाल, ती बैठक त्याला जन्मभर लक्षात राहते. नंतर माणसं हलवलीत की बुश फाटलाच म्हणून समजा!"

"पुन्हा सांगा," सासूबाई म्हणाल्या.

सावंतकाका खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा वहिनी विचारत होत्या. त्यांनी सगळं पुन्हा, जास्त ठासून सांगितलं. बाबांनी मान डोलावली. सुहास म्हणाला, "बरोबर आहे, आई. कोण कुठे बसणार, ते एकदा फिक्स झालं की झालं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

रफीकभाई पाना घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. बाबा स्टिअरिंगवर बसले. मी मागे बसले. सासूबाई गाडीला वळसा घालून गेल्या, पुढचं डावं दार उघडलं, पदर सावरला आणि आत बसून दार लावून घेतलं. पर्स मांडीवर.

"अगं, तू इथे कुठे?" बाबा म्हणाले. "तुझी जागा मागे!"

"जन्मभर खय बसूचा ता आताच ठरवूचा आसा मां?" सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "मगे मी हयच बसतलंय."

"आई, पण मला आवाज..." सुहास दाराबाहेर उभा.

"मागून ऐक. बायकोशेजारी जागा आहे. छप्पन्न किलोचीच आहे ती."

सुहासने बाबांकडे बघितलं. बाबांनी सावंतकाकांकडे. सावंतकाका गॅरेजच्या छताकडे बघत होते. सुहास मागे येऊन बसला. त्याचं डोकं छताला टेकत होतं.

खड्ड्यातून रफीकभाईंनी हाक दिली, "साहेब, सब बैठे क्या? आवळू?"

बाबांनी तोंड उघडलं. त्याआधीच सासूबाईंनी काच खाली केली आणि बाहेर वाकून म्हणाल्या, "आवळा, रफीकभाई. चांगले घट्ट आवळा."