समजूत काढणाऱ्या पेशी

अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या पट्ट्यात माझ्या साडूंइतके अश्रू कोणी ढाळले नसतील, आणि त्यांच्याइतकं बिनदुःखाचंही कोणी रडलं नसेल. पोळा झाला, गाजरगवताला पांढरा फुलोरा आला, की त्यांचे डोळे लाल व्हायचे, खाजायचे आणि दिवाळीपर्यंत गळत राहायचे. या गळतीने त्यांना नको तितकी प्रतिष्ठा मिळवून दिली. मूर्तिजापूरला एकदा ते चुकून भलत्याच घरच्या तेरवीत शिरले, तर तिथल्या बायकांनी त्यांनाच मध्ये बसवून पाणी पाजलं. साडूभाऊ जेवूनच परतले. "सांगू कसा बाप्पा," ते म्हणाले, "त्याइले माह्या रडण्यानं लय धीर आला होता!"

अकोल्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले, म्हणून ते आम्हाला शिकवू लागले. शरीर म्हणजे लग्नघर, असा त्यांचा सिद्धांत. परागकण हा न बोलावता आलेला पाहुणा. बिचारा कोपऱ्यात जेवून निघून जाईल. पण काही पेशी जावयासारख्या रुसतात, आरडाओरडा करतात, भावकी गोळा करतात, आणि डोळ्यात पूर येतो. त्याच घरात समजूत काढणाऱ्या पेशीही असतात. त्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, जाऊ दे नं बापू. "डोळा किती सुजते हे पाहुण्यावर नाई," ते बोट उंचावून सांगत, "समजूत काढणारे किती हायेत, त्याच्यावर हाय. सगळ्याइलेच झोपवलं तं भांडण मिटते, पण घर उघडं पडते."

आमच्या घरात ते स्वतःच तसली पेशी होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मी आणि माझा धाकटा भाऊ दोन वर्षं बोलत नव्हतो. साडूभाऊ ऐन हंगामात आले आणि दोघांच्या मध्ये बसून डोळे पुसत राहिले. भावाला वाटलं, हा देवमाणूस आपल्यासाठी रडतोय, आणि तो विरघळला. धुरा आजही वाकडाच आहे, पण आम्ही बोलतो.

मग एका डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवसांपुरते स्टिरॉइडचे थेंब दिले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! पंधरा दिवस संपल्यावर त्यांना आणखी हवे होते, पण जवळचा मेडिकलवाला त्यांचाच विद्यार्थी निघाला. "सर, चिठ्ठी आणा," तो म्हणाला, "तुमीच तं शिकवलं." गुरूचा असा पराभव झाल्यावर त्यांनी मला फोन केला. अमरावतीत मला कोणी चिठ्ठी मागितली नाही. दर खेपेला मी शर्टाच्या खिशात दोन बाटल्या घेऊन जायचो. एकदा विचारलंही, "सगळ्यांना झोपवू नये, असं तुम्हीच म्हणता ना?"

"एवढा सीझन काढू द्या," ते म्हणाले. "जो तो पुसते, सर काय झालं? मले लाज वाटते."

मला ते पटलं. खरं सांगतो, बरंही वाटलं. जन्मभर त्यांनी आमची भांडणं निस्तरली होती. आता त्यांच्यासाठी काहीतरी करता येत होतं. असे सहा-सात हंगाम गेले.

एक दिवस ते सरळ चालता चालता बाजूच्या खांबावर आदळले. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, थेंबांनी आतला दाब वाढत गेला, नस सुकली. समोरचं दिसेल, बाजूचं गेलं. गेलेलं परत येणार नाही. माझ्या मेहुणीने, ताईंनी, तिथेच विचारलं, "हे थेंब आणून कोण देत होतं?"

"मीच आणत होतो," साडूभाऊ लगेच म्हणाले. मी फाईल धरून मागे उभा होतो. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो तो ताईंना खरं सांगायचं ठरवूनच. त्या चहा टाकायला आत गेल्या, मी पोर्चमधल्या बाकावर शब्द जुळवत बसलो. साडूभाऊ आतून आले, बाक चाचपून माझ्या शेजारी बसले आणि फाटकाकडे पाहत राहिले. ताई चहा घेऊन आल्या, तसं त्यांनी विचारलं, "काहून व, साडूभाऊ आले नाईत अजून?"

मी हातभर अंतरावर होतो.

"आलो ना," मी म्हणालो. त्यांनी सगळी मान वळवून मला शोधलं आणि लहान मुलासारखे हसले. ताईंनी कप माझ्या हातात दिला. मी चहा प्यायलो आणि काहीही न सांगता चारच्या गाडीने परत आलो.