न्यायाधीशाच्या पायऱ्या

काकू उलट चालायच्या. जुन्या वस्तीत पाहुण्यांना फिरवताना त्यांची पाठ रस्त्याकडे आणि तोंड माणसांकडे असायचं. गल्लीतली पोरं त्यांना उलट्या पावलांची म्हणायची. काकू म्हणायच्या, "सरळ हडळ म्हणा की रे. पण हडळ कधी पाहुण्यांशी इतकं गोड बोलते का?"

मी साहित्यात एम.ए. केलं, नोकरी मिळेना, म्हणून शेपटाचं काम धरलं. शेपूट म्हणजे घोळक्याच्या मागे छत्री उंच धरून चालणारं माणूस. कोणी फोटो काढत रेंगाळलं की त्याला हाकत पुढे आणायचं. काकू माझ्या आईच्या वयाच्या, तरी आमची मैत्री जमली. फेरी संपली की त्यांच्या खोलीत चहा व्हायचा. खोली फेऱ्यांच्या ऑफिसच्या वर होती. पलंग, शेगडी, एक खिडकी. ऑफिस आधी त्यांच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर ते दिराकडे आलं आणि काकू फेरी करतात तोवर खोली त्यांची, असं ठरलं.

काचबिंदूचं मला त्या खोलीतच कळलं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून कप पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"समोर धर," त्या म्हणाल्या. "बाजूचं जग गेलं माझं. समोरचं आहे अजून."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"थेंब देतात. गेलेलं परत येत नाही म्हणतात." मग हसल्या. "उलट चालणाऱ्याला वाटेकडे कुठे बघायचं असतं? माझ्यासमोर माणसं असतात, ती दिसतात. भावजींजवळ बोललीस तर तंगडी तोडीन."

भावजींना संशय होताच. त्यांना ती खोली एका तरुण मुलीला द्यायची होती. दोन परक्या भाषा बोलणारी, खोली मिळाली तर कमी पगारात फेरी करायला येणारी.

"वहिनी, परवा दाराला धडकलात म्हणे."

"दारच मध्ये आलं."

"डोळे दाखवून घ्या एकदा."

"घारीचे आहेत माझे डोळे, भावजी. मी आले की तुम्ही पोट आत ओढता, तेही दिसतं."

भावजी हसले. दात तेवढे हसले.

गल्ली संपते तिथून चौकात दगडी पायऱ्या उतरतात. लोक यायचे ते त्यासाठीच. काकू सगळ्यात वरच्या पायरीवर चौकाकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, की इथून एक न्यायाधीश गडगडत गेला. त्याने सगळ्या गावाला छळलं होतं. तो खाली कण्हत पडला आणि लोक बघत उभे होते. एवढं म्हणून त्या स्वतः मागे कोसळायच्या. लोक किंचाळायचे. काकूंचा हात मागच्या लोखंडी दांड्यावर असायचा. तशाच तिरक्या लटकत त्या म्हणायच्या, "बघा. तुम्हीही हात दिला नाही."

मग हशा, टाळ्या. लोक एकमेकांना हे कळवायचे. हल्ली येणारे पायऱ्या आल्या की आधीच फोन वर धरायचे.

दांडा गंजला होता. पालिकेची माणसं एका संध्याकाळी तो उपटून घेऊन गेली, नवा बसवायला. जाताना ऑफिसात सांगून गेली. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत मी मागे होते. मला डोकी दिसत होती आणि डोक्यांवर धरलेले फोन. पलीकडे काकूंचा चेहरा. "आणि लोक बघत उभे होते," त्या म्हणाल्या, आणि चेहरा नाहीसा झाला.

टाळ्या पडल्या. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. खालून कण्हणं आलं. लोकांना तेही आवडलं. एक चष्मेवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "बघा, आम्हीही हात दिला नाही." पुन्हा हशा पिकला.

मी छत्री टाकली आणि माणसांतून घुसले.

"ढकलू नका हो," एक बाई म्हणाल्या. "आम्हीही बघतोय."

काकू खाली चौकात पडल्या होत्या. एक पाय बाहेरच्या बाजूला वळला होता.

"दांडा कुठे गेला गं?" त्यांनी विचारलं.

भावजी आले तेव्हा लोक काकूंना उचलून गाडीत ठेवत होते.

"मला वाटलं, वहिनींना दिसेल," भावजी मला म्हणाले. "घारीचे डोळे ना."

खुबा मोडला होता. दवाखान्यात भावजी संत्री घेऊन आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"तुमचा व्हिडिओ जोरात चाललाय, वहिनी. पडणाऱ्या बाई केव्हा येणार, विचारतात लोक."

"येणार तर. पाय जुळला की आले."

"पाय काय, जुळतोच. डोळे शाबूत असले म्हणजे झालं. मग खोलीही तुमचीच."

"घारीचे म्हटलं ना."

भावजींनी संत्रं सोलायला घेतलं. वास सगळीकडे पसरला. काकू माझ्याकडे वळल्या.

"तोवर तू पड. नीट ऐक. आधी हात मागे. दांडा हाताला गार लागला पाहिजे. त्या दिवशी मी सवयीने तेवढंच विसरले. मगच अंग सोडायचं."

भावजींनी एक फोड काढली आणि काकूंच्या कानाशेजारी, वीतभर अंतरावर धरली. दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे बघत ओठांवर ठेवलं.

"घाई करायची नाही," काकू सांगत होत्या. "आधी लोकांना हसू द्यायचं. हसणारं माणूस लवकर घाबरतं."

फोड तशीच होती. भावजींचा हात स्थिर होता. मला राहवेना.

"काकू, संत्रं," मी म्हणाले.

"दिसतंय मला," त्या लगेच म्हणाल्या आणि हात पुढे केला. समोर. तिथे काहीच नव्हतं.

भावजींनी फोड स्वतःच्या तोंडात टाकली, चावली, बी काढून सालीवर ठेवली.

"महिनाअखेरीला खोली लागेल, वहिनी."

काकूंचा हात अजून पुढेच होता.