पंधरा मिलिमीटरची चकती

कुवेतमध्ये एक जुनी गाडी आणि चार मराठी इंजिनियर एकत्र आले, की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. फक्त प्रत्येकाला सगळं कळत असावं लागतं!

आमच्या प्रधानने वीस वर्षांच्या गाडीला हौसेने रुंद चाकं लावली. सरळ रस्त्यावर झकास, पण डावीकडे पूर्ण वळवलं की आतून घासायची. त्यामुळे पठ्ठ्या यू-टर्नच घेईना! सालमियातल्या घरी यायला अर्धं शहर फिरायचा. शेवटी वहिनींनी बजावलं, "शुक्रवारी खैरानला समुद्रावर जाताना एकदा जरी घासली, तर गाडी विकायची!"

प्रधानचा चेहरा उतरला. कुवेतमधली त्याची ती पहिली गाडी होती.

*

उपाय सोपा होता, व्हील स्पेसर. चाकाच्या आतल्या बाजूला जाड चकती बसवायची, चाक बाहेर सरकतं. मी मोजलं, पंधरा मिलिमीटर पुरे. पण आम्हा चौघांना रिफायनरीतल्या नोकरीची सवय! कुलकर्णीने सेफ्टी मार्जिन घातलं. साठेने त्यावर 'फ्युचर एक्सपान्शन' घातलं. मग मीही मागे राहिलो नाही. आकडा पन्नासवर गेला.

प्रधान म्हणाला, "चाक माझ्याच गाडीला लावायचंय ना? की शेजारच्या?"

पुन्हा पंधरावर आलो.

*

शुवेखला रत्नागिरीच्या इक्बालभाईंचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. कुलकर्णीने विचारलं, "हे सेफ आहेत ना?"

"साहेब, आजपावत एक पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत नाय आला!"

"पण परत आलंय का कोणी?"

इक्बालभाईंनी चहा मागवला.

*

चकत्या बसवायला आम्ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जमलो. आधी सेफ्टीवर भाषण, मग हेल्मेट. साठेने स्टीअरिंगला 'काम चालू आहे' असा टॅग लावला. कुलकर्णीचा जन्म पाइपलाइनमध्ये गेलेला. त्याने खिशातून पाइपच्या जोडात घालायचं गास्केट काढलं!

"अरे, हे कशाला?" मी म्हणालो.

"दोन फ्लँज आहेत. मध्ये गास्केट नको? लीक होईल!"

"चाकातून काय लीक होणार?"

कुलकर्णीने खरोखरच विचार केला. मग गास्केट निमूटपणे खिशात गेलं. नट मी आवळले, ते साठेने तपासले आणि साठेला कुलकर्णीने तपासलं.

*

शुक्रवारी सकाळी प्रधान आणि वहिनी गाडीत बसले. वहिनी म्हणाल्या, "मागे तीन सीट रिकाम्या आहेत की! या ना."

"नको वहिनी," कुलकर्णी घाईने म्हणाला, "आम्हाला चाकं बाहेरून बघायची आहेत."

आम्ही तिघे साठेच्या गाडीतून निघालो. भरपूर अंतर ठेवून.

सगळी वळणं झाली, यू-टर्नही झाले, गाडी एकदाही घासली नाही. खैरानला पोचल्यावर प्रधान छाती काढून उतरला. "बघितलंस? आता काय म्हणणं आहे?"

वहिनींनी गाडीकडे पाहिलं. मग बऱ्याच वेळाने मागून येऊन उतरणाऱ्या आम्हा तिघांकडे पाहिलं.

"गाडी राहू दे," त्या म्हणाल्या. "मित्र विकून टाक!"