मार्कंड्याच्या वाटेवरची सामानाची गाडी

मार्कंड्याच्या महादेवाला पायी जायचं ठरलं की आमच्याकडं पहिला प्रश्न असतो, सामान कोण नेणार? दरवर्षी गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर असायचा. त्या वर्षी त्याच्या घरी सुतक पडलं आणि महाशिवरात्र तर तोंडावर आलेली. मग भजनी मंडळाच्या म्होरक्यानं एक पिकअपवाला गाठला. म्होरक्याला सगळे भाऊ म्हणतात, मीही.

"भाडं नाई घेत म्हणते. सेवा करतो म्हणते," भाऊंनी सांगितलं.

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात फुकट कोणी सायकलही देत नाही. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

गाडीवाला परगावचा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला गोड. पण पिशव्या रचताना तो कोणालाच गाडीजवळ येऊ देईना. "द्या बाई, मी ठेवतो. तुम्ही काऊन तकलीफ घेता?" खाली आधीच ताडपत्री होती, चांगली फुगलेली. मी मोठ्या नणंदबाईंना कोपरानं ढोसलं. त्या म्हणाल्या, "तुले तं देवावरबी शक येते."

मी पायी निघाले होते ती माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या नावानं. दारूनं गेला तो. त्याच्या नावानं मार्कंड्याला वैनगंगेत डुबकी घ्यायची, एवढंच मनात होतं.

वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि तिकडं दारूबंदी. पलीकडं पोलिसांचं गाड्या तपासणं चालू होतं. आमची पिकअप भगवा झेंडा लावून आली. तपासणाऱ्यांनी पिशव्यांचा ढीग पाहिला, एकानं हात जोडले आणि गाडी सोडून दिली. आम्ही बाजूनंच चाललो होतो, पण गाडीवाल्यानं आमच्याकडं मान वळवून पाहिलंही नाही.

संध्याकाळी आरमोरीला मुक्कामावर मी गोधडी उलगडली तर एक कोपरा ओला. नाकाशी नेला. तो वास ओळखायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. भावाच्या अंगाला तो वर्षानुवर्षं येत होता.

"रस्त्यानं पाण्याची कॅन सांडली, बाई," गाडीवाला म्हणाला.

"पाण्याले असा वास येते काय?"

"मंग डिझेल असन."

नणंदबाईंनी गोधडी हुंगली आणि ओला कोपरा आत दुमडला. म्हणाल्या, "उगा बोभाटा करू नको. भाऊंनी आणलेला माणूस हाये."

सकाळी मी माझी पिशवी गाडीत दिली नाही, खांद्याला लावली. बायका हसल्या. ऊन चढलं तसा खांदा सोलून निघाला, मला माझाच राग यायला लागला. पुढं रस्ता जंगलात शिरला. एका टोल्याकडं, म्हणजे लहानशा वस्तीकडं, फुटणाऱ्या पांदणीत, मोहाच्या झाडाखाली आमची पिकअप उभी. ती तर केव्हाच पुढं गेली होती! शेजारी दोन मोटरसायकली. आम्हाला पाहताच त्या निघून गेल्या.

मी सरळ गाडीपाशी गेले. "माझा पाय सुजला. मले गाडीत बसव."

"समोरची सीट मोडली हाये, बाई."

"मंग मागं बसतो."

मी चढायला लागले तसं त्यानं माझं कोपर धरलं. मागून बायका आल्या तेव्हा सोडलं. मी पिशव्या सारल्या, ताडपत्री वर केली. खाली खोके होते, अर्धे रिकामे झालेले. पाय लागला तशा बाटल्या वाजल्या.

मी भावाच्या नावानं चालत होते आणि काल माझीच गोधडी त्या बाटल्यांवर पांघरूण झाली होती.

"ओरडू नका, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "पोलीस आले तं तुमच्या पिशव्याबी जातीन. नाव तुमचंच येईन."

सगळ्यांत आधी नणंदबाई पुढं झाल्या. त्यांनी आपली पिशवी ओढून गवतावर टाकली. मग एकेक करत सगळ्या बायकांनी. मी पोलिसांना फोन लावत होते, पण जंगलात रेंज मिळेना. तेवढ्यात भाऊ टाळ वाजवत मागून आले. रस्त्याकडेचा ढीग त्यांनी पाहिला, उघडे खोके पाहिले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. गाडीवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी रस्त्याकडं.

"चला, ऊन वाढून राह्यलं," एवढंच म्हणाले.

गाडी धूळ उडवत गेली. रेंज आल्यावर मी फोन केला खरा, पण तोवर ती कुठल्या कुठं पोचली असेल. पुढची वाट आम्ही पिशव्या डोक्यावर घेऊन चाललो. गाडीतून उतरवलेली स्वयंपाकाची जड भांडी वाटेतल्या एका घरी ठेवायला दिली.

मार्कंड्याला मी डुबकी घेतली तेव्हा नणंदबाई काठावर पिशव्या राखत बसल्या. ओल्या लुगड्यानंच मी भाऊंपुढं उभी राहिले.

"भाऊ, तो माणूस तुम्ही कुठून आणला?"

"ओळखीच्याची ओळख."

"कोणाच्या ओळखीचा?"

ते टाळाची दोरी नीट करू लागले. "देवाच्या दारात असं नाई काढत, बाई."

परतताना एसटीत ते पुढच्या सीटवर होते, आम्ही दोघी मागं. नणंदबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "तुले काय वाटते, भाऊले माहीत असन?"

मी काही बोलायच्या आत भाऊंचा फोन वाजला. त्यांनी कोणाचा आहे ते पाहिलं, एकदा मागं आमच्याकडं पाहिलं आणि तो वाजता फोन तसाच खिशात घातला.